तातूकाका ऑनलाइन जागा बघतात

"वहिनी, तुमचं डोकं दीड फुटाचं आहे."

तातूकाका घाडी माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. आम्ही लालबागच्या ह्या बिल्डिंगीत भाड्याने राहायला आलो त्या दिवशी मी गॅसची शेगडी दोन्ही हातांत धरून जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर शेजारच्या खोलीच्या दारात एक किडकिडीत गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून, डोळे बारीक करून माझ्याकडे बघत उभे होते. माप ऐकून मी शेगडी खाली ठेवली. मागून माझा नवरा गादी घेऊन येत होता. त्याच्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "साहेबांचं नऊ इंच."

ह्या दोन मापांमधला फरक मला आठवड्याभराने कळला, आणि तेव्हापासून गरज पडेल तसा मी तो घरात वापरते. तातूकाका फ्लेक्स बनवतात. नाक्यानाक्यावर वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा देणारे जे फ्लेक्स लागतात, ते. त्यात मधलं डोकं चार फुटांचं, ते वाढदिवसवाल्याचं. त्याच्या बाजूला दीड फुटांचे दोघे-तिघे, म्हणजे ज्यांच्यावाचून त्याचं पान हलत नाही असे. आणि तळाला 'शुभेच्छुक' म्हणून ओळीने जी डोकी असतात ती नऊ इंची. काका नव्या माणसाकडे बघतात ते हे माप घेण्यासाठी. माझ्या चेहऱ्यात त्यांना दीड फुटाचं वजन दिसलं आणि नवऱ्याच्या चेहऱ्यात जन्माचा शुभेच्छुक दिसला. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर बाहेरच्या माणसाने इतकं नेमकं सांगितलं की बरं वाटतं.

काकांचा गाळा समोरच्या चाळीच्या तळमजल्यावर होता. आत एक कॉम्प्युटर, आणि त्या कॉम्प्युटरमध्ये परळपासून चिंचपोकळीपर्यंतची सगळी डोकी. मागची भिंत, झाड, बायको जे काही फोटोत असेल ते कापून टाकून उरलेली नुसती डोकी. त्यांचे चार कप्पे केलेले: हसरी, गंभीर, हात जोडून आणि फोनवर. 'फोनवर'ला मागणी सगळ्यात जास्त, कारण कानाला फोन लावलेला माणूस कामात आहे असं वाटतं. काही डोकी तर वीस-वीस वर्षं जुनी. एक भावी नगरसेवक एकदा हौसेने स्वतःचा ताजा फोटो घेऊन आले होते. काकांनी तो परत केला. लोक ओळखणार नाहीत तुम्हाला, म्हणाले.

जगात जे जे बिघडलेलं आहे त्याला काकांकडे एकच निदान असायचं, "लेआउट चुकलाय." लग्नाच्या हॉलमध्ये नवऱ्यामुलाचा काका मधोमध उभा राहिला, लेआउट चुकलाय. माझ्या ओट्यावर मिक्सर देवघराला खेटून आहे, लेआउट चुकलाय. तुम्ही लग्न का नाही केलंत, असं मी एकदा भोचकपणे विचारलं, तर म्हणाले, "लेआउटमध्ये बसलं नाय." आणि चहा प्यायला लागले. असल्या माणसाशी पुढे काय बोलणार?

गेल्या वर्षी त्यांच्यावर दोन संकटं एकदमच आली. समोरची चाळ पुनर्विकासाला गेली आणि दसऱ्यापर्यंत गाळा रिकामा करा, असा निरोप आला. त्याच सुमारास सकाळी लावलेले फ्लेक्स दुपारी उतरवणारी गाडी फिरायला लागली, त्यामुळे गिऱ्हाईकं हात आखडून बसली. काकांची बहीण कणकवलीजवळ गावी असते. तिने ठरवूनच टाकलं की तातूने आता बाडबिस्तरा घेऊन गावी यावं. घर आहे, माड आहेत, चार आंबे आहेत. काकांना हे ऐकूनच धाप लागली. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात ते सलग पंधरा दिवससुद्धा लालबागच्या बाहेर राहिले नव्हते. गावात जाऊन मी डोकी कोणाची कापू, माडांची, असं ते मला विचारत होते. विचारणं गमतीचं होतं, पण चेहरा हसरा नव्हता.

तेव्हा मी एक वाक्य बोलले, आणि पुढचं सगळं त्यातून सुरू झालं. मी स्वतः घरी बसून काम करते. वॉशिंग मशीन, मिक्सर, हवा शुद्ध करायची यंत्रं ह्यांच्याबरोबर जी न वाचली जाणारी पुस्तिका येते, ती मराठीत मी केलेली असते. हे काम मला एका ऑनलाइन मार्केटप्लेसवर मिळतं. मी काकांना म्हटलं, गाळ्याचं काय घेऊन बसलात, तुम्ही फ्रीलान्सर व्हा, ऑनलाइन मार्केटप्लेसवर बसा. अर्ध्या तासाचं काम आहे. कॉम्प्युटर काय, तुमच्या खोलीतही मावेल.

माझं अर्ध्या तासात झालं होतं, कारण मी समोर आली ती पहिली साइट उघडून नाव घातलं होतं. काकांना हे ऐकून धक्काच बसला. त्यांची आई बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. जागा धरण्याआधी त्या बाईने महिनाभर रिकामी पिशवी हातात घेऊन नुसत्या फेऱ्या मारल्या होत्या. गिऱ्हाईक कुठे थांबतं, कुठे पाऊल उचलतं, कोणती बाई कोणाला ओरडते, सगळं बघितलं आणि मग एका वळणावर टोपली ठेवली. तीस वर्षं तिथून कोणी तिला उठवलं नाही. बाजार म्हटला की आधी गिऱ्हाईक होऊन बघायचा आणि मग बसायचं, ही त्यांच्या घरची रीत. ऑनलाइन असला म्हणून काय झालं, बाजार तो बाजार.

झालं. गाळ्यात एका जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ भिंतीवर लागली आणि तिच्यावर मार्करने साइट्सची यादी सुरू झाली. साइट्सची खरी नावं काकांना उच्चारता येत नव्हती, म्हणून त्यांनी आपली नावं दिली. दर दहा-बारा दिवसांनी ते चहाच्या वेळेला यायचे आणि कोणती साइट का बाद झाली ते सांगून जायचे.

पहिली 'गोल डोकीवाली'. ही तर मी वापरते तीच. काकांनी तिचं पहिलं पान उघडून स्क्रीनला फूटपट्टी लावली आणि ते अस्वस्थ झाले. तिथे कामं करणाऱ्या प्रत्येकाचा फोटो गोल चौकटीत होता. आता फ्लेक्सच्या धंद्यात गोल चौकट एकाच प्रसंगी वापरतात, भावपूर्ण श्रद्धांजलीला. काकांनी पानभर गोल डोकी पाहिली आणि त्यांना ती ओळीने वारलेली माणसं दिसली. त्यात माझंही होतं. "वहिनी, आधी ते चौकोनात करून घ्या," एवढंच ते म्हणाले, आणि पुढचे चार दिवस जिन्यात भेटले की माझी तब्येत विचारत राहिले.

दुसरी 'लिलाववाली'. तिथे एखाद्याला काम करून हवं असलं की तो ते टाकतो आणि पन्नास-साठ जण मी करतो, मी करतो म्हणून तुटून पडतात. काकांनी वरळी कोळीवाड्यात मासळीचा लिलाव पुष्कळदा पाहिलेला. तिथे निदान मासळी समोर पडलेली असते, डोळे बघता येतात, कल्ले उघडता येतात, असं त्यांचं म्हणणं. इथे कोण ताजा आणि कोण बर्फातला, हे कळायला मार्ग नाही. बाद.

तिसरीवर ते आईच्या रीतीने गिऱ्हाईक म्हणून गेले. माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाचा बॅनर करून द्या, असं काम टाकलं आणि नवऱ्याचा फोटो पाठवला. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या एका तरुण डिझायनरने चार दिवसांनी बॅनर पाठवला. पांढरंशुभ्र पान, खालच्या कोपऱ्यात सुपारीएवढा माझा नवरा, आणि बारीक अक्षरांत शुभेच्छा. बाकी सगळी जागा मोकळी. मला तो फार आवडला. काका मात्र तो बघून हळहळले. बिचाऱ्याकडे माणसंच नाहीत, म्हणाले. आणि आपल्या संग्रहातली वीस डोकी निवडून त्यांनी त्या पोराला फुकट पाठवून दिली. पुढे लागतील तेव्हा वापर, असं मला इंग्रजीतून लिहायला लावलं. त्याचं उत्तर आलं नाही. अशा बाजारात आपला निभाव लागणार नाही, असं ठरवून काकांनी तिसरीवर फुली मारली.

इथवर मला मजा येत होती. पुढे माझ्यावरच आलं. मी म्हटलं, एक काम तरी करून बघा, माझ्या खात्यावरून करा. एका परदेशी दंतवैद्याला नव्या दवाखान्यासाठी लोगो हवा होता. लोगो म्हणजे छोटं चिन्ह, हे मी काकांना तीनदा समजावलं. काकांनी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी त्यांनी केलेलं काम मी न बघता पाठवून दिलं, ही चूक माझी.

मधोमध चार फुटांचा दंतवैद्य, त्याच्याच खात्यावरच्या फोटोतून कापलेला. त्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल चढवलेला. मागे सूर्याची किरणं आणि एक दाढ, दाढेवर मुकुट. वर आशीर्वाद द्यायला तीन वडीलधारे हवेत, पण दंतवैद्याचे वडीलधारे काकांना माहीत नव्हते, म्हणून त्यांनी 'गंभीर'मधून आपल्याकडचेच तिघे घेतले. तळाला बारा शुभेच्छुक. त्यात दूधवाले शेट्ये, गणेश मंडळाचे खजिनदार, फोनवर बोलणारा एक इसम आणि डावीकडून चौथा माझा नवरा. दंतवैद्याने एका ओळीत विचारलं की ही माणसं कोण. मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात काका मागून म्हणाले, "लिहा, तुझीच माणसं आहेत. घाबरू नको."

मी ते लिहिलं नाही, पण काम रद्द झालं आणि माझ्या खात्यावर एका ताऱ्याचा शेरा बसला. चार वर्षं मी ते पाच तारे पोटच्या पोरासारखे जपले होते. मला रडू आलं, मग राग आला, आणि दोन दिवस मी काकांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोरच्या कठड्याला छोटा फ्लेक्स बांधलेला: 'दुसऱ्या मजल्याच्या भाग्यविधात्या वहिनी यांची जाहीर माफी'. मधे मी, बरोबर दीड फूट. खाली क्षमा मागणाऱ्याचं नुसतं नाव होतं, फोटो नव्हता. बिल्डिंगमधली सगळी मंडळी वाचायला आली. आता ह्यावर कोण किती दिवस रुसून बसणार?

पण त्यानंतर मला काकांच्या कारणांचा संशय यायला लागला. गोल डोकी समजण्यासारखी होती, लिलावही समजण्यासारखा होता. पाचवी साइट मात्र तिचा निळा रंग थंड आहे म्हणून बाद झाली. सहावीच्या पानावर हसणारी बाई खोटं हसते म्हणून गेली. आठवीवर सगळे लोक डावीकडे बघतात, आणि डावीकडे तर काहीच नाही, म्हणजे लेआउट चुकलाय. दहावी का नको, ह्याचं उत्तर त्यांनी दिलंच नाही, म्हणाले पाऊस फार आहे. मला वाटलं, म्हातारा घाबरलाय. नवं काही शिकायला लागेल म्हणून टाळतोय. मी तसं नवऱ्याला म्हटलंसुद्धा. नऊ इंचांचा माणूस, तो म्हणाला, असेल.

गणपती आले आणि गेले. काकांनी गाळ्यातले शेवटचे फ्लेक्स केले. मग एक दिवस बहिणीने तिकिटाचा फोटो पाठवला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं, एकाचंच, जायचं. काकांनी तो फोटो मला दाखवला तेव्हा त्यांनी लेआउटबद्दल काही म्हटलं नाही. फक्त चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि परत कपाळावर चढवला.

माझं डोकं फिरलं. अकरा साइट्स, चार महिने, आणि माणूस अजून फेऱ्याच मारतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोळ्या अर्धवट टाकून समोरच्या गाळ्यात गेले. गाळा बराचसा रिकामा झालेला, भिंतीवर ती यादी तेवढी लटकत होती. मी काकांना खुर्चीवरून उठवलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले. आज तुम्हाला कुठे तरी बसवूनच उठणार, म्हटलं, मग डोकी गोल असोत नाहीतर त्रिकोणी. ते नको नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. नाव नोंदवायचं तर मेल लागतो, म्हणून मी त्यांचा मेल उघडला.

आत अकरा पत्रं होती. अकराही साइट्सची, गोल डोकीवालीचंसुद्धा. चहाच्या वेळेला माझ्याकडे येऊन ज्या साइटला नावं ठेवायची, तिथे काकांनी आधीच नाव नोंदवलेलं होतं. रीतसर, कोणाकडून तरी सगळी माहिती भरून घेऊन. आणि सगळ्यांनी त्यांना एकच गोष्ट कळवली होती: आपला फोटो स्वीकारता येत नाही. फोटोत फक्त एकच व्यक्ती असावी.

मी फोटो उघडला. भिंतीला लावलेली बांबूची परांची, तिच्यावर पंचविशीतली दोन पोरं पाय सोडून बसलेली, मधे रंगाची एक बादली. मागच्या भिंतीवर अर्धंच रंगवलेलं एक अगडबंब डोकं. किडकिडीत पोराच्या तोंडात ब्रश, ते तातूकाका. दुसरा जाडसर, कुरळ्या केसांचा, आणि त्याचा हात काकांच्या खांद्यावर.

"हा कोण, काका?"

"मधू," ते म्हणाले. "नायगावचा. बीडीडी चाळीतला."

मग ते बाकड्यावर बसले आणि हळूहळू सांगायला लागले. फ्लेक्स यायच्या आधी दोघे मिळून भिंती रंगवायचे. डोकी तातूची, अक्षरं मधूची. मधूने 'श्री' काढला की येणारे-जाणारे चप्पल काढून नमस्कार करायचे. जयंतीच्या दिवसांत निळ्या रंगात नायगावपासून दादरपर्यंत त्याचीच अक्षरं असायची, तेव्हा तातू त्याच्या हाताखाली बादली धरायचा, आणि गणपतीत मधू तातूची बादली धरायचा. कॉम्प्युटर आला तो दोघांनी मिळून घेतला. मधूने मात्र माउसला कधी हात लावला नाही. तो कागदावर अक्षरं काढायचा आणि तातू ती आत घ्यायचा. पस्तीस वर्षं हा गाळा दोघांनी उघडला आणि दोघांनी बंद केला. आम्ही बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षी मधू गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि दोन दिवसांत गेला. मला तीन वर्षांत हे नाव ऐकू आलं नव्हतं, कारण आजूबाजूची माणसं काकांसमोर ते काढत नव्हती.

आता सांगायला लाज वाटते, पण मी तेव्हाही हुशारीच केली. म्हटलं, काका, तुम्ही आयुष्यभर फोटोतून माणसं कापलीत. हे तर तुमचं दोन मिनिटांचं काम.

"कापला होता," ते म्हणाले. त्यांनी वाकून एक फाइल उघडली. त्यात पंचविशीतले तातूकाका एकटेच होते, कडेने अगदी सफाईने कापलेले. खांद्यावर चार बोटं तेवढी राहिली होती.

"हात राहतो, वहिनी." ते स्क्रीनकडे बघत होते. "तसा काढता येतो. पुढारी पक्ष बदलतात ना, तेव्हा एकमेकांच्या खांद्यावरचे हात मीच काढतो. खांदा दुसरीकडून आणायचा नि बसवायचा. पाच मिनिटं लागतात. ह्याचा काढवत नाय."

मी म्हटलं, मग नवा फोटो काढू. आत्ता काढू, माझ्या फोनवर.

"नव्यात मी एकटाच येणार ना."

मी बाहेर काढलेला फोन परत ठेवला आणि मला माझाच राग आला. ज्या माणसाला मी चार महिने भित्रा म्हणत होते, तो अकरा दारांवर आपल्या मित्राला बरोबर घेऊन गेला होता. एकट्याने आत या, म्हटल्यावर प्रत्येक दारावरून परत फिरला होता. आणि मला खरं सांगायला लागू नये म्हणून रंगाला, हसण्याला आणि पावसाला दोष देत बसला होता.

घरी पोळ्यांचं पीठ तसंच पडलं होतं. पडू दे, म्हटलं. काकांनी बाजूला स्टूल ओढलं आणि आम्ही शोधायला बसलो. बारावी साइट, तेरावी, चौदावी. सगळीकडे तीच अट. व्यक्ती एक, चेहरा एक. फ्रीलान्सर म्हणजे एकटा, असं जगाने ठरवूनच टाकलेलं दिसत होतं. चार वर्षं मी ह्यातच आहे, पण ते असं कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाचच्या सुमाराला एक छोटी साइट सापडली. तिच्यावर ना तारे, ना लिलाव, कामंही बेताचीच. जोडीने किंवा गटाने काम करणाऱ्यांसाठी होती. कुठे दोघी बहिणी पुस्तकांची चित्रं काढत होत्या, कुठे तिघं मिळून लग्नपत्रिका करत होते. फोटोच्या जागी लिहिलं होतं: सर्व सदस्य एकत्र दिसतील असा.

मी परांचीवरचा फोटो टाकला. थोडा वेळ चक्र फिरलं आणि बाजूला हिरवी खूण आली. काकांनी विचारलं, चालला? मी म्हटलं, चालला. त्यांनी परत विचारलं, दोघांचा? दोघांचा, मी म्हटलं. ते उठले, गाळ्याच्या दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि तिथूनच बहिणीला फोन लावला. "तिकीट रद्द कर गे बाय," ते सांगत होते, "माका हय बसाक जागा गावली." बहीण पलीकडून बरंच काही बोलत होती. काका नुसते हूं हूं करत होते आणि बोटाने डोळ्याच्या कडा पुसत होते.

ते परत येऊन बसल्यावर आम्ही पुढची माहिती भरली. सदस्य किती? दोन. पहिल्याचं नाव तात्याबा घाडी, काम फोटो आणि मांडणी. दुसऱ्याचं नाव मी विचारलं आणि त्यांनी मधूचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सावकाश सांगितलं. काम? "अक्षरं," ते म्हणाले. मी अक्षरं लिहिलं.

त्याखाली अजून एक प्रश्न होता, आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. मी थांबले. काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि काय विचारतायत, म्हणाले. मला वाचून दाखवावं लागलं. हा सदस्य कामासाठी उपलब्ध आहे का? उत्तरं तीन होती: हो, नाही, सध्या नाही.

काकांनी फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "सध्या नाही, लिहा."

मी तसं लिहिलं.